दोन दोरांमधली खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे. कोट टांगायची नव्हे, मित्रांनो! चांगली माणसाएवढी लांब, ओकच्या लाकडाची. आमच्या कोरियातल्या गावात वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला भरदुपारी रस्सीखेच होते. भाताच्या पेंढ्याचे दोन दोर दरवर्षी नवे वळतात, पुरुषांचा पूर्वेला आणि बायकांचा पश्चिमेला. एका दोराचा फास दुसऱ्याच्या फासात घालतात आणि मधून मला आरपार खुपसतात. दोर कुजून जातात. मी चार पिढ्या तीच आहे. माझ्यावाचून खेळ होत नाही, हे कशाला लपवू?

बायका जिंकल्या की पीक चांगलं येतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून पुरुष शेवटी हात जरा सैल सोडतात. पण एका वर्षी दारूच्या भरात सोडायचंच विसरले. बायका हरल्या, आणि कापणीच्या तोंडावर वादळानं भात झोपवला. गावानं वादळाला सोडून बायकांची म्होरकी मालसुन आजी हिला बोल लावला. पुढच्या वर्षी हरलो तर पुन्हा म्होरकी होणार नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

ते वर्ष आलं. तीन डाव, दोन जिंकायचे. तरुण पोरं आधीच म्हणाली होती, "यंदा आम्ही सोडणार नाही, आजी. जिंकायचं तर ओढून जिंका."

पहिला डाव बायका सपशेल हरल्या. पश्चिमेला तीनशे जणी होत्या, पण माझ्या अंगाला ताण आला तो साठ जणींचा. बाकीच्यांनी नुसता हात लावला होता. बायका वाईट नव्हत्या हो! ओरडून ओरडून घसे बसवले होते बिचाऱ्यांनी. पण ओरडण्यानं मला ताण येत नाही. एवढ्या जणी आहेत, माझ्या एकटीनं काय होतंय, असं प्रत्येकीला वाटत होतं.

म्होरकी दोरावर उभी राहून सगळ्यांना जोर देते. मालसुन आजी त्या दोरावरून खाली उतरली. तिनं ओढणाऱ्यांतल्या चिलबोकच्या आईचा हात उलटा करून पाहिला.

"काय गं, तळवा कसा लोण्यासारखा? पेंढ्याचा एक ओरखडा नाही!"

"ओढत होते की, आजी!"

"ओढत होतीस? टेकली होतीस! माझं म्हातारीचं वजन दोराला जास्त झालं, म्हणून धरून ठेवलास वाटतं?"

सगळ्या हसल्या. चिलबोकच्या आईनं मान खाली घातली.

आता, मुख्य दोर असतो कंबरेएवढा जाड. तो मुठीत मावत नाही. त्याला दोन्ही अंगांनी बारीक दोर बांधतात, गोमेला पाय असावेत तसे. प्रत्येक घर आपला पेंढा देतं, आपला एक पाय वळतं. ओढताना मात्र जिला जो सापडेल तो ती धरते. आजी पुन्हा दोरावर चढून ओरडली, "आपापल्या घरचा दोर शोधा! स्वतःचा पीळ ओळखता ना? सासूसुना, जावा, सगळ्या त्यालाच. ज्या घराचा दोर लोंबेल, त्या घराचं नाव मी इथून घेईन!"

मग काय सांगू, मित्रांनो! दुसऱ्या डावात एकही पाय लोंबला नाही. माझ्या कण्यातून कळ गेली, डाव बायकांनी घेतला. आणि तिसऱ्यात मी कडकन वाजले. पोटावर उभी चीर गेली, पण मी तुटले नाही. पुरुषांच्या टाचा चिखल नांगरत पश्चिमेला आल्या. त्यांनी खरंच हात सोडले नव्हते, ते मला ठाऊक आहे.

चिलबोकच्या आईचे तळवे रक्ताळले होते. ते ती सगळ्यांना दाखवत फिरत होती. मालसुन आजी आधी माझ्याकडे आली, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुला लागलं गं बाई."

आता मी कोठारात पडून असते. पुढच्या वर्षी लोखंडाची खुंटी आणू म्हणतात. चिरेत थोडं तिळाचं तेल घालाल, तर मी अजून पुष्कळ वर्षं पुरेन. आणि मुलांनो, शंभर जणांत कधी दोराला हात लावाल, तेव्हा कुणी बघत नाही असं समजू नका. मधे मी असते. मला कळतं.