पंप चालू झाला

ज्याची हयात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेली, त्याला डॉक्टरांनी पंपच लिहून द्यावा, याला काय म्हणावं? प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होईपर्यंत पंपवाले शूर होते. कॅन्सर गेला, पण जाताना खालचा कारभार ठप्प करून गेला. मग शूर गडी उशी बगलेत मारून बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. कारण सांगितलं घोरण्याचं.  ते घोरणं तर बायको लग्नापासून ऐकत होती.

"नसा दुखावल्यात, सावरायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर या पंपाने तिथे रक्त ओढायचा सराव ठेवा. आणि बायकोला सोबत घ्या."

शेवटचं वाक्य पंपवाल्यांनी सोयीस्करपणे ऐकलंच नाही. रविवारी दुपारी बायको बहिणीकडे निघाल्याबरोबर त्यांनी दार लोटलं, प्लास्टिकची नळी जागेवर बसवली आणि दांडा मारायला घेतला. फस्स. पुन्हा फस्स. आतला कारागीर खवळला.

"च्यायला, हा तर हवा घेतोय!"

"काय घेतोय?" चष्मा विसरला म्हणून परतलेली बायको दारात उभी.

लपवायचं म्हटलं तर काय काय लपवणार?

"वॉशर... वॉशर भिकार दिलाय," ते पुटपुटले.

तिने आधी नळीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "म्हणजे ते घोरणं हे होय?"

"मग तुला काय वाटलं?"

"वाटलं, मी नकोशी झाले."

"अगं, तू कसली नकोशी! मीच आपला भंगारात निघालोय."

बायको आत गेली. आली ती अवजारांची पेटी घेऊन, आणि ती तिने थेट पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर ठेवली. एरवी पायपुसण्यावर ग्रीसचा डाग पडला तरी घर डोक्यावर घेणारी बाई!

वॉशर बसला. दांडा तिने हातात घेतला.

"सावकाश! बोअरवेल नाही ती!"

"गप्प बसा. इतक्या वर्षांत मला खोली कळली नसेल का?"

दोघं इतके हसले की नळी निसटून पलंगाखाली गेली. ती शोधायचं कुणालाच सुचलं नाही. बऱ्याच वेळाने, मतदानाच्या शेवटच्या तासाला येणाऱ्या आळशी माणसासारखी, अर्धीमुर्धी का होईना, हजेरी लागली.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. शेजारणीची. तिचा पाण्याचा पंप आठवडाभर यांच्याकडे दुरुस्तीला पडून होता.

"अहो पंपवाले! झाला का चालू?"

पंपवाल्यांनी तोंड उघडायच्या आत बायको ओरडली, "झाला हो, झाला! पण आज मिळायचा नाही!"