पुसलेलं नाव

"अजून कुणीच आलं नाही, ना?" टीनने विचारलं.

वेसेल चमच्यातलं वाटाण्याचं सूप फुंकत होता. "नर्स चारला येते. आत्ता कुठे दोन वाजतायत."

"नर्स नाही रे. मुलं. तुझी."

त्याने चमचा परत वाटीत ठेवला. गेल्या आठवड्यात टीनचा पलंग खालच्या खोलीत आणला होता. डॉक्टरांनी दिवस मोजून सांगितले नव्हते, पण उन्हाळ्याचं काही बोलू नका, एवढं म्हणाले होते.

वेसेल हुक्स्ट्राने एकतीस वर्षं ग्रोनिंगन शहरातल्या कालव्यावरचा पूल चालवला. बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा, बोट गेली की पुन्हा खाली. टीन सत्तावीस वर्षांची असताना तिचं गर्भाशय काढावं लागलं, तेव्हाही चौथ्या दिवशी तो कामावर होता. पुढच्याच वर्षी टीननेच विषय काढला होता. "आपल्याला नाही, तर नाही. कुणाच्या तरी घरात होऊ दे की." मग तो वर्षभर इस्पितळात वीर्यदान करायला गेला. त्याला एक क्रमांक मिळाला, एकशे बारा. नाव एका कागदावर लिहून इस्पितळाच्या कपाटात गेलं. ते कुणालाही कधीच सांगणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढची वीस वर्षं नवरा-बायको त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

मग कायदा बदलायचं ठरलं. मोठं झालेलं मूल आता आपला दाता कोण ते विचारू शकणार होतं. जुन्या दात्यांना पत्रं गेली. नाव पुसून हवं असेल, तर एक जूनच्या आत सही करून कळवा. काही कळवलं नाही, तर नाव राहील.

"ते पत्र मी टेबलावर ठेवलं होतं," टीन म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दिसलं नाही. म्हटलं, यानं रद्दीत टाकलं, म्हणजे नाव राहिलं. इतकं बरं वाटलं मला."

"बरं वाटलं?"

"मग? तेव्हापासून बेल वाजली की आधी केस सारखे करते मी. तुझ्या कधी लक्षात नाही आलं?"

वेसेलने वाटी खाली ठेवली. पत्र आलं त्याच आठवड्यात शेजारीण आपला नातू दाखवायला आली होती. ती गेल्यावर टीन न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून उभी होती. उद्या माझी मुलं दारात आली तर हिचं काय होईल, असं त्याला वाटलं. त्याने पत्रावर सही केली आणि कामावर जाताना टपालपेटीत टाकलं. तिला विचारलं नाही.

आत्ताही त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नर्स आल्यावर तो इस्पितळात गेला.

नोंदी सांभाळणाऱ्या रुलीनबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"कागद नष्ट केलाय, हुक्स्ट्रा. तुमच्याच सहीवरून. यादीत एकशे बारा आहे, पण त्याच्यापुढे नाव नाही."

"ते मी आहे. आता लिहा ना."

"क्रमांक कुणीही येऊन सांगेल हो. तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी. पण उद्या एखादी मुलगी येऊन विचारेल, हे नक्की का? मी काय सांगू तिला?"

"रक्त तपासा माझं."

"कुणाच्या रक्ताशी जुळवू? त्यांना बोलवायची मुभा आम्हाला नाही. आणि कुणी आलंच, तर आमच्याकडे नाव नाही, एवढंच मला सांगता येतं."

"कुणी आलं होतं?"

रुलीनबाईंनी यादी मिटली. "ते नाही सांगता येणार."

वेसेल उठला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बायको आजारी आहे," तो म्हणाला. "किती मुलं झाली, एवढं तरी सांगाल?"

बाईंनी उठून दार लावलं. मग यादी उघडून त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवली.

संध्याकाळी त्याने टीनला सगळं सांगितलं. सहीचं, पेटीचं, नळाचं. ती छताकडे बघत होती.

"माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"विचारायचंस की रे मला."

त्याने तिचं पांघरूण सारखं केलं. तिने त्याच्या बाहीला हात लावला. "नुसताच परत आलास?"

"पाच आहेत," तो म्हणाला. "तीन मुली, दोन मुलगे."

"पाच." तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून तो दिवा मालवायला उठला.

"थोरलं कोण?"

"मुलगी. तेवीस वर्षांची."

"म्हणजे नोकरीला लागली असेल," टीन म्हणाली. "आणि धाकटं?"

"मुलगा. बावीस पुरी होतील जूनमध्ये."

"जूनमध्ये," ती म्हणाली आणि पलंगावर थोडी सरकून तिने त्याच्यासाठी जागा केली. "आता मधली सांग."