नकाशातला आवाज

"थे माणसं तुह्या बाबाचा आवाज ऐकवून राहिले होते वो," माय फोनवर कुजबुजत होती. "मोबाईलवर. म्हणे, हा तूच का?"

दुर्गेश्वरीने कानावरचे हेडफोन खाली ओढले. गोंदियातल्या एका संशोधन केंद्रात ती इंटर्नशिप करत होती. रानातल्या पाणवठ्यांची, टेकड्यांची, पायवाटांची जुनी नावं गोळा करायची आणि सांगणाऱ्याच्या आवाजासकट संगणकावरच्या नकाशात बसवायची, हे तिचं काम. पहिला आवाज तिने आपल्या बापाचाच घेतला होता. चिचगडच्या आजूबाजूचं रान हिरालालला तळहातासारखं ठाऊक. मोहाच्या सावलीत बसून, कधी नव्हे एवढा खुलून तो वाघझरीच्या पाण्याबद्दल, तिथल्या वाटांबद्दल बोलला होता. तो नकाशा नुकताच सगळ्यांसाठी खुला झाला होता.

"कोण होते, माय?"

"का मालूम! वर्दी नव्हती. पाणी मांगतलं, पिले. मंग म्हणे, वाघझरीच्या मांगची वाट अजून चालते का?"

"बाबा का म्हणाले?"

"काही नाही बोलले. तवापासून बोलूनच नाही राहिले."

दुर्गेश्वरीला जुनी गोष्ट आठवली. ती लहान असताना तिच्या काकाने, बकारामने, रानात भेटलेल्या अनोळखी माणसांना वाट दाखवली होती. त्यानंतर एका रात्री त्याला अंथरुणातून उठवून नेलं. तो परत आलाच नाही. कोणी नेलं, हे गावात अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही.

ती तशीच केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरली. "वीरेंद्र सर, माझ्या बाबांचा आवाज नकाशातून काढून टाका. आत्ताच काढा."

सगळं ऐकून सर म्हणाले, "अगं, आपण त्यांचं नाव कुठे टाकलंय? आणि रात्री माणसं उचलून न्यायचे ते दिवस आता राहिले नाहीत."

"गावात नाव लागत नाही सर. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखतात."

"पण त्यांनी होकार दिला होता ना?"

"मी मागितला म्हणून दिला."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कीबोर्ड पुढे ओढला. नकाशावरचा ठिपका विझला.

"काढला. पण कोणी आधीच उतरवून घेतला असेल तर..."

ती लगेच गावाकडे निघाली. देवरीच्या बसमध्ये तिच्या मागे कोणीतरी मोबाईल लावून बसलं होतं. एखादा पुरुषी आवाज आला की तो बाबांचाच असेल असं वाटून ती मागे वळून बघायची. देवरीहून काळीपिवळी जीपने ती गावात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हिरालाल अंगणात बाजेवर बसला होता.

"बाबा, तो आवाज नकाशातून काढून टाकला."

"बरं केलं."

तो रागावला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर तिला हलकं वाटलं असतं. ती त्याच्याजवळ बसली. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले.

एवढ्यात शेजारची शामकला धापा टाकत आली. "हिरालालभाऊ, माही गाय नाही आली. सकाळी नाल्याकडं गेलती. कोणीकडं पाहू?"

हरवलेलं ढोर शोधायला गाव त्याच्याकडेच यायचं. त्याची नजर आपसूक पश्चिमेच्या उताराकडे गेली. दुर्गेश्वरीने ते पाहिलं. गाय कुठे असेल ते त्याला कळलं होतं.

"मले का मालूम," तो म्हणाला. "मी रानात जात नाही आता."

शामकला हसली. तिला थट्टा वाटली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू विरलं. "अशे काऊन बोलून राहिले, भाऊ?"

तो उठला नाही. शामकला थोडा वेळ घुटमळली आणि भलत्याच दिशेने, तलावाच्या अंगाने, गाईला हाका मारत निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत हिरालाल तिच्या पाठीकडे बघत होता. एकदा त्याचे ओठ हलले.

मग त्याने बाज उचलून आत नेली. अंधार पडायला अजून वेळ होता. तरी त्याने लेकीला आत बोलावलं आणि दाराला आतून कडी घातली.