एक फूट फुकट घ्या, साहेब!

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हो, मोजणारी! शंभर फुटांची पिवळी फीत, तिच्यावर काळे आकडे आणि गुंडाळायला बाजूला एक मूठ. टेपला कसली आली जीवनकहाणी, असं म्हणून पान उलटू नका. मी एक हरवलेला हॉल पकडून दिला आहे, आणि ते कुणाला तरी सांगायला मी कधीची टपून बसले आहे!

शिरूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून इलाही मिस्त्रींनी मला विकत घेतलं. तेव्हा माझा काय रुबाब होता! पाया आखायचा तर मी हवी, भिंत उचलायची तर मी हवी. निमोण्यापासून इनामगावापर्यंत कितीतरी घरांचं माप माझ्या हातचं आहे. मग एका स्लॅबच्या दिवशी माझं टोक मिक्सरमध्ये अडकलं आणि माझा पहिला फूट कचकन तुटला. दुसऱ्या कुणी मला उकिरडा दाखवला असता. मिस्त्री म्हणाले, "एक फूट गेला म्हणून नव्व्याण्णव फेकायचं व्हय?" तेव्हापासून मी सतरा दाखवले की ते सोळा धरत. पुढे लाल ठिपका टाकून मोजणारी यंत्रं निघाली, मोठी कामं तरुण पोरांकडे गेली, आणि मी थैलीच्या तळाला थापीखाली दबून राहिले. फार राग यायचा मला. आकडा काय मला सांगता येत नव्हता?

शिरूरहून दौंडकडे जाताना एका गावाबाहेर मुलांचं निरीक्षणगृह आहे. लोक त्याला रिमांड होम म्हणतात. गुन्ह्याचा आळ आलेली दोन्ही तालुक्यांतली मुलं निकाल लागेपर्यंत तिथे ठेवतात. गेल्या वर्षी तिथल्या ओल आलेल्या भिंतीच्या गिलाव्याचं काम मिस्त्रींना मिळालं. मुलांच्या झोपायच्या खोलीत मला अंथरलं. मी दाखवलं सतरा बाय तेरा. मिस्त्रींनी एकेक वजा केला, सोळा बाय बारा. कोपऱ्यात वळकट्या रचल्या होत्या, त्या त्यांनी मोजल्या. बावीस!

"ज्ञानदेवा, एवढ्यात बावीस पोरं मावत्यात तरी कशी?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"पाळीनं झोपत्यात मामा. निम्मी आडवी, निम्मी भिताडाला टेकून. मग बदली."

"आरं, माझ्या शेळ्यांना यापरीस जागा हाय!"

बाहेर फाटकाशी एक छानदार फलक होता. 'दोन तालुक्यांच्या वाढीव निधीतून मुलांचे शयनगृह, ४० × २० फूट. काम पूर्ण.' मिस्त्रींनी इमारतीला दोन चकरा मारल्या. चाळीस फुटांचं काहीच सापडलं नाही, नुसतं गवत होतं. मला तर थैलीतल्या थैलीत हसू येत होतं आणि संतापही येत होता.

त्या दिवशी मुलांना भेटायचा वार होता. राहू गावाहून एक आई आली होती. तिच्या मुलाचं नाव मी सांगणार नाही, कारण अशा मुलांची नावं सांगू नयेत असा कायदा आहे. म्हणून आईचंही सांगत नाही. त्यानं चूक केली की नाही हे बाल न्याय मंडळ ठरवील, मी आपली मोजमापापुरतं बोलते. पोराचे डोळे लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यांत खरूज होती, आणि आईशी बोलता बोलता तो बसल्या जागी पेंगत होता. आईला आतली खोली बघायची परवानगी नव्हती. ती तडक मिस्त्रींकडे आली.

"मामा, तुम्ही आत जाऊन आलाय. जागा किती हाय, खरं सांगा."

सांगावं तर पुढचं काम हातचं जाणार. पण त्या पेंगणाऱ्या पोराकडे मिस्त्रींनी एकदा पाहिलं, सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडला, त्यावर सोळा बाय बारा लिहिलं, बावीस लिहिलं आणि खाली इलाही मिस्त्री, शिरूर, अशी ठसठशीत सही ठोकली. शाबास, म्हटलं, माझ्या धन्या!

आईनं तो कागद जोडून अर्ज केला. उत्तर आलं, 'काम पूर्ण आहे.' तिनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच. मग दौंडला जनसुनावणी लागली, जिल्ह्याहून एक मोठ्या अधिकारी बाई आल्या, आणि आई मिस्त्रींना घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. मी मिस्त्रींच्या मांडीवर होते. काय गर्दी होती म्हणून सांगू!

फलकावरच्या कामाचे इंजिनिअर साहेब उठले. म्हणाले, "तीच खोली वाढवून हॉल केलाय. ताई, आपल्या भागाला निधी थोडाच येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"साहेब," आई म्हणाली, "अंथरूण गेलं कुठं, तेच तर इचारायला आलेय मी!"

टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले. साहेबांनी पोत्याचा कागद दोन बोटांत धरून हलवला आणि विचारलं, "हा पुरावा?" अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "वाद कशाला? चला, आत्ताच मोजू." आणि मित्रांनो, सगळी सभाच निघाली! जीप, टेम्पो, दुचाक्या, एका टेम्पोत तर बारा जण उभे होते. मी मिस्त्रींच्या गळ्यात हारासारखी लटकले होते.

खोलीत साहेबांनी खिशातून लाल ठिपक्याचं यंत्र काढलं. बटण दाबलं. परत दाबलं. सेल संपला होता! आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांनी!

मिस्त्रींनी मला भिंतीला धरलं. साहेब खाली वाकले आणि ओरडले, "ही तर तुटकी आहे! पहिला फूटच नाही. असलं माप चालणार नाही!"

पण मिस्त्री हसले. "साहेब, तुटकी टेप खोली वाढवून दावती, घटवून न्हाई. तिच्या चुकीचा फायदा तुमचाच हाय. जाऊ द्या, वजा नका करू. एक फूट फुकट घ्या! वाचा आकडा."

साहेबांना वाचावा लागला. "सतरा."

"फलकावर चाळीस हाय," आई म्हणाली. "तेवीस फूट कुठं गेलं, साहेब?"

साहेबांनी रुमाल काढला आणि खरं काय ते हळूहळू बाहेर पडलं. दोन तालुक्यांचा तो निधी शहराजवळच्या भलत्याच इमारतीकडे वळवला होता, इथे फक्त फलक लागला होता. अधिकारी बाईंनी तिथेच उभ्या उभ्या आदेश लिहिला. चौकशी होईल, निधी परत येईल, आणि हॉल उभा राहीपर्यंत अकरा मुलं आठ दिवसांत शेजारच्या रिकाम्या वसतिगृहात जातील. बाईंनी माप स्वतः वहीत उतरवलं आणि माझ्यासमोर "तुटकी, पण खरी" असं म्हणाल्या. मी अजून फुगलेलीच आहे.

मित्रांनो, मला चिखलासकट गुंडाळू नका, माझे आकडे पुसट होतात. आणि कुठे 'काम पूर्ण' असा फलक दिसला, तर घरातली टेप घेऊन जा आणि मोजा. आपल्या नावानं आलेलं आपणच मोजायचं असतं.

आठ दिवसांनी खरंच मुलं हलली. पुढच्या भेटीच्या वारी मिस्त्री हॉलच्या पायाची आखणी बघायला गेले होते, मीही होते. राहूची आई फाटकाशी उभी होती. तिचा मुलगा उशिरा आला, केस विस्कटलेले, ओशाळलेला. मागून ज्ञानदेव रागे भरत होता.

"आई, ज्ञानदेवमामा बोलले मला," तो म्हणाला. "सकाळची घंटा झाली, आन् मला ऐकूच आली न्हाई."