हे जेवल्यावर

करडी गावच्या भैय्यालालचा एक स्वभाव होता. घरात काही नवं घडलं की ते चार लोकांना सांगितल्याशिवाय त्याचं अन्न पचत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला फारच झकास विषय सापडला होता, तो म्हणजे बायकोचा उपास.

"सोळा घंटे!" पानठेल्यावर तो हात उंचावून सांगायचा. "रातच्या आठले जेवली का दुसऱ्या दिवशी एकदम बाराले. मंधात पान्याशिवाय काहीच नाही. देवाचा उपास नाही जी हा, औषधाचा उपास हाये."

आणि हे सगळं तो तर्री-पोह्याची प्लेट हातात धरून सांगायचा. ऐकणारा "बापरे" म्हणाला की भैय्यालालची छाती अशी फुगायची, जणू सोळा तास तोच उपाशी राहून आला होता.

त्याची बायको धुरपता. लग्नाला एकतीस वर्षं झालेली. दीड वर्षापूर्वी तिची बोटं सुजायला लागली. आधी वाटलं, धानाच्या रोवणीत चिखलात राबून झालं असेल. मग सकाळी उठल्यावर मूठच मिटेना. मनगट, गुडघे, तळपाय, एकेक करून सगळे सांधे रुसले. भंडाऱ्याला दर शनिवारी नागपूरहून एक डॉक्टरीणबाई येत, त्यांनी रक्त तपासून सांगितलं की हा साधा वात नव्हे. अंगातली शक्ती रोगाशी लढायची ती आपल्याच सांध्यांशी लढायला लागते. भैय्यालालनं ते गावात आपल्या भाषेत सांगितलं, "राखनदारच घरच्या मानसाले चोर समजून झोडपून राहिला." हे मात्र त्यानं बरोबर सांगितलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक छोटी पांढरी गोळी रोज सकाळी, खाऊन झाल्यावर घ्यायची होती. धुरपता सकाळच्या चहात शिळी पोळी बुडवून खायची आणि गोळी घ्यायची. वर्षभर बरं चाललं. सूज उतरली, पण पूर्ण गेली नाही. मूठ अर्धीच मिटायची.

मग नागपुरात दिलेल्या मुलीनं, मनालीनं, फोनवर एक व्हिडिओ पाहिला. तिचा सगळा जीव आईच्या बोटांत अडकलेला. रोज संध्याकाळी फोन करून ती पहिला प्रश्न विचारायची, "आई, आज मूठ मिटली?" त्या दिवशी ती घाईघाईनं म्हणाली, "आई, एका बाईले तुझाच आजार होता. रोज सोळा तास उपाशी राहून तिची सूज गेली म्हन्ते. करून तर पाय!"

"एवढंच?" धुरपता म्हणाली. "हे तर मले सोपं हाये."

किती सोपं, ते भैय्यालालनं विचारलं नाही. बायको उपाशी राहायला एवढ्या सहज कशी तयार झाली, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दिव्याखाली अंधार असतो तो असा.

पहिले आठ-दहा दिवस धुरपता म्हणाली, अंग हलकं वाटतं. मनाली खूश झाली. भैय्यालालनं पानठेला सोडून गिरणीवरही बातमी पोचवली. तिसऱ्या आठवड्यात धुरपताची मनगटं पुन्हा टरारली. अंगण झाडताना ती दोनदा मध्येच बसली. शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या, "कमजोरी दिसते वो." धुरपता म्हणाली, "उपासानं आतला रोग निंगून राहिला असन." भैय्यालाललाही ते पटलं. जे पटवून घ्यायचं असतं ते माणसाला लवकर पटतं.

मग धान विकायचा दिवस आला. भैय्यालाल पहाटेच धान-खरेदीच्या केंद्रावर गेला. रांग लांब होती. त्याचा नंबर लागेपर्यंत दोन वाजले आणि काट्यावर वजन होईपर्यंत साडेतीन. मध्ये त्यानं दोनदा पोहे खाल्ले, तीनदा चहा घेतला आणि उपासाची गोष्ट पाच जणांना सांगितली. चार वाजता घरी आला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि नेहमीसारखा म्हणाला, "वाढ."

धुरपता चुलीपुढून उठली. भाताचं गंज उचललं आणि उभ्या जागीच डोलली. गंज हातून सुटलं. भात मातीवर पसरला आणि त्याच्या बाजूला धुरपता खाली बसली. पडली नाही, बसली, पण तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता आणि कपाळाला थंड घाम सुटला होता.

"काय झालं वो?" भैय्यालाल धावला.

"काही नाही. भात सांडला," ती म्हणाली. "थांबा, दुसरा मांडतो."

भैय्यालालची पाचावर धारण बसली. त्यानं तिला साखरपाणी पाजलं, शकुनबाईंना हाक मारली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं तो तिला घेऊन भंडाऱ्याला निघाला.

डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं. सहा किलो उतरलं होतं. रक्तदाब पाहिला, तो खाली गेला होता. मग त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या मागितल्या. पांढऱ्या गोळीची पट्टी हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. संपायला हवी होती ती अर्धी भरलेली होती.

"ही गोळी रोज घेता ना?"

"घेतो जी. जेवनानंतर. तुमीच सांगतलं होतं."

"जेवता किती वाजता?"

धुरपतानं अगदी सरळ उत्तर दिलं, जसं कोणी आपल्या गावाचं नाव सांगावं तसं.

"हे जेवल्यावर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हे किती वाजता जेवतात?"

धुरपतानं भैय्यालालकडे पाहिलं. भैय्यालालनं तोंड उघडलं. "बारा," तो म्हणाला. मग, "एक. कधी दोन." मग अगदी हळू, "काल चार."

"म्हणजे काल या रात्री आठपासून दुपारी चारपर्यंत उपाशी होत्या."

"चारलेही कुठं जेवली जी," धुरपता मध्येच म्हणाली. "भात सांडला ना."

हळूहळू सगळं बाहेर आलं. उपास सुरू झाला तशी चहातली पोळी बंद झाली. पोळी बंद झाली तशी गोळी जेवणावर गेली. आणि जेवण तर एकतीस वर्षांपासून भैय्यालालवर होतं. तो दोन वाजता आला की हिला जेवायला अडीच व्हायचे. मग धुरपता विचार करायची, सकाळची गोळी दुपारी कशी घ्यायची? आजची राहू दे, उद्या घेऊ.

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "उपासानं काही लोकांना बरं वाटतं. त्यावर अभ्यास चालू आहेत, पण अजून खात्रीनं सांगावं असं काही हाती नाही. आणि ही गोळी वर्षभर घेतलेली आहे, अंगाला तिची सवय लागते. ती आपल्या मनानं अशी सोडली तर माणूस कोसळतो. काल थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी निभावेल असं नाही." मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. रात्री आठला जेवण, सकाळी आठला जेवण. पोटभर. लगेच गोळी. "मधले बारा तास काही खाऊ नका, तेवढा उपास तुम्हाला पुरे. पण उपास करायचा तर घड्याळावर करा बाई. नवऱ्यावर करू नका."

परतीच्या गाडीत भैय्यालाल तिच्या शेजारी बसला होता. धुरपता खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिच्या गालाची हाडं वर आलेली त्याला आज दिसली. सहा किलो. धानाचं एक पोतं चार किलोनं कमी भरलं तर काट्यावर भांडणारा माणूस तो, आणि घरातून सहा किलो बायको गेली ते त्याला कळलं नाही. तो रोज जेवून उठायचा, हात धुताना म्हणायचा, "जेव आता तू." तेवढं म्हटलं की आपलं काम झालं, असं त्याला वाटायचं. मागं वळून त्यानं कधी पाहिलं नव्हतं. उपाशी राहणं तिला सोपं का होतं, ते त्याला त्या गाडीत कळलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुठंच गेला नाही. धुरपतानं भात आणि वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी रांधली. आठ वाजता तिनं एकच ताट वाढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. "लवकर जेवून घ्या. मंग मी जेवतो."

भैय्यालालनं ताट तिच्याकडे सरकवलं. "आधी तू."

"असं काय करता? तुमी जेवा, मी लगेच बसतो."

"मी आज जेवलो, पन उद्या केंद्रावर अडकलो तर? परवा पवनीले गेलो तर? नाही. आजपासून तू आधी."

"कोनी पायलं तर काय म्हनन!"

"माहा उपास हाये," भैय्यालाल म्हणाला आणि मांडी घालून पक्का बसला. "तू जेवशीन तवा सुटन."

सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. भाताची वाफ गेली. भैय्यालालच्या पोटात कावळे ओरडायला लागले, इतके की धुरपतालाही ऐकू आलं आणि तिला हसू फुटलं. पण हसता हसता तिचे डोळे भरले.

"तुमाले समजत नाही," ती म्हणाली. "नवऱ्याच्या आधी जेवलं का नवऱ्याचं आयुष्य घटते. तुमच्या मायनं मले पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. एकतीस वर्सं मी सांभाळलं. आता या वयात कायले मोडायचं? तुमाले काही झालं तर?"

म्हणजे हे होतं. तो इतकी वर्षं समजत होता की ही रीत आहे, मान आहे. आणि ही बाई रोज दुपारी पोटात आग घेऊन त्याचं आयुष्य राखत बसली होती.

"आन तू नाही राहिलीस तर ते वाढलेलं आयुष्य घेऊन मी काय करू वो?" भैय्यालाल म्हणाला. "कोनाजवळ बसू? घटू दे थोडंसं. आपन दोघं मिळून पुरवून खाऊ."

धुरपतानं पदर सावरला, ताट ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तशीच ती रोज जेवत असणार. भैय्यालाल उठला आणि भिंतीच्या बाजूला, तिच्यासमोर जाऊन बसला.

"पाहू नका जी," ती म्हणाली.

पण त्यानं पाहिलं. तिची पहिली दोन बोटं वाकतच नव्हती. ती तळव्याच्या कडेनं भात गोळा करायची, अंगठ्यानं दाबायची आणि तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धा भात ताटात परत पडायचा. मग ती मान खाली घालून ताटाच्या जवळ जायची. एका घासाला चार वेळा हात उचलायला लागत होता. एकतीस वर्षांत भैय्यालालनं आपल्या बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं, आणि गेलं दीड वर्ष तर तिनं मुद्दामच पाहू दिलं नव्हतं.

त्याला रडू आलं. लपवायला वेळच मिळाला नाही.

"रडता कायले?" धुरपता म्हणाली. "जेवन तर चालू हाये ना माहं."

भैय्यालालनं हात धुतला. तिच्या ताटातला भात भाजीत कालवला आणि घट्ट दाबून त्याचे छोटे छोटे घास बांधले. मनाली लहान असताना धुरपता बांधायची तसे. ते त्यानं ताटाच्या कडेनं मांडून ठेवले. भरवला मात्र एकही नाही. ते तिला आवडलं नसतं, एवढं तरी त्याला कळत होतं. धुरपता एकेक घास चिमटीत धरून उचलत राहिली. आता भात पडत नव्हता. ती सावकाश जेवली, पोटभर जेवली. मग त्यानं पट्टीतून पांढरी गोळी काढून दिली आणि तिनं ती घेतली.

नऊ वाजायला आले होते. "झालं ना मनासारखं?" ती म्हणाली. "आता ताट घासून आनतो, तुमाले वाढतो."

भैय्यालालनं ताट धरून ठेवलं. "यातच वाढ."

"उष्टं हाये जी ते! माहं उष्टं!"

"मंग? माह्या उष्ट्या ताटात तू कितीक वर्सं जेवली?"

धुरपताच्या हातात भाताचा चमचा तसाच राहिला. तिनं दाराकडे पाहिलं, कोणी येत नाही ना म्हणून. मग त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून तिनं त्या ताटात भात वाढला, वर भाजी घातली आणि तो जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.