घरचीच बाई

दुपारच्या सुट्टीत दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या तळ्याकाठी डबा खायला बसायचं, ही डोरोथीची सवय. ऑफिसातल्या एसीने हाडं गारठायची, म्हणून ती खाली यायची. अशाच एका दुपारी एक बाई भल्यामोठ्या कुत्र्याला चक्क मराठीत झापत होती. "चल मेल्या, किती हुंगशील!" परक्या मुलखात मराठी कानावर पडल्यावर वसईच्या माणसाला राहवतं कुठे? डोरोथीने हाक मारली.

बाईचं नाव ठकुबाई. जुन्नरकडची, विधवा. आपल्याकडचे एक बडे सरकारी अधिकारी बदलीवर दुबईत आले, तेव्हा तिला सोबत घेऊन आले होते.

"पगार किती देतात?" डोरोथीने विचारलं.

"घरच्या माणसाला पगार कसला, म्हनत्यात बाईसाहेब. पासपोर्ट सायबांच्या कपाटात हाय. गावाला जाते म्हनलं तर..." ठकुबाईने बाही वर सारली. दंडावर इस्त्रीचा डाग होता.

डोरोथीने डबा झाकून ठेवला. आपल्या प्रतिष्ठित घरांची ही जुनी रीतच आहे. गावाकडची निराधार बाई 'घरचीच' म्हणून आणायची. एकदा घरचीच म्हटलं की पगार नको, सुट्टी नको, आणि नाही म्हणायची सोय तर मुळीच नको! वर चारचौघांत दयाळू म्हणून मिरवायचं.

त्याच संध्याकाळी डोरोथीने नवऱ्याला, एडविनला, गाडी काढायला लावली. कुत्रा फिरवायला खाली आलेल्या ठकुबाईला दोघांनी पोलीस ठाण्यात नेलं. तिथून तिची रवानगी बायकांच्या निवारागृहात झाली. इथवर सगळं नीट झालं. पण वसईकरांचं कुठलंही काम व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्याशिवाय पुरं होत नाही. हरवलेल्या किल्लीपासून चर्चमधल्या मयताच्या मिस्सापर्यंत सगळं तिथेच. डोरोथीनेही करामा भागातल्या आपल्या घरी येताच साहेबांचा नावासकट फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ह्या माणसाने एका बाईला कोंडून राबवलं.'

त्या देशात असं कुणाचं नाव, फोटो चव्हाट्यावर मांडणं हाच गुन्हा. मेसेज फिरत फिरत साहेबांपर्यंत गेला आणि त्यांना आयतंच कोलीत मिळालं. आठवडाभरात डोरोथीवर बदनामीची केस झाली आणि ठकुबाईवर बांगड्या चोरून पळाल्याची. जामिनासाठी डोरोथीचा पासपोर्ट पोलिसांनी ठेवून घेतला. ग्रुपवरून तर माणसं भराभर बाहेर पडली.

घरातली शांतता गेली. दाराची बेल वाजली तरी डोरोथी दचकायची. जेवताना एडविन तेच तेच बोलायचा. "साहेबाची पोच फार वर आहे. माझ्या कंपनीत फोन गेला तर व्हिसा कॅन्सल! सॉरी बोल आणि खलास कर ना."

"मम्मा, आर वी गोइंग टू लीव्ह दुबई?" लेक रोशेल विचारायची. डोरोथी उठून उगाच ओटा पुसत बसायची. दहावीला आलेली पोर, तिची शाळा, सगळं आपल्या एका बोटाने उधळलं, असं वाटून तिला रडू यायचं.

शेवटी समेटासाठी दोघांना ठाण्यात बोलावणं आलं. समोर साहेब, त्यांच्या पत्नी अनुराधाबाई आणि त्यांचा वकील होते; टेबलामागे पोलीस अधिकारी आणि एक दुभाष्या. साहेबांची अट साधी होती. सगळं खोटं होतं असं डोरोथीने कबूल करायचं, मग तिच्यावरची केस मागे. ठकुबाईवरची मात्र राहील.

"अहो, ठकू आमची घरचीच आहे," अनुराधाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही उगाच मध्ये पडलात."

आपण माघार घेतली की ठकुबाईच्या बाजूने बोलणारं कुणी उरणार नाही, हे डोरोथीला लख्ख दिसत होतं.

"फोटो टाकला ही माझी चूक," ती दुभाष्याला म्हणाली. "त्याची जी पनिशमेंट असेल ती द्या. पण ते खोटं होतं, असं मी नाही बोलणार. मी तिचा भाजलेला हात बघितलाय."

वकील हसला. "एकटीने बघितलंय! साहेबांच्या शब्दापुढे ह्यांचा शब्द कोण धरणार?"

पोलीस अधिकाऱ्याने एडविनकडे पाहिलं. बायकोला समजाव, अशी ती नजर होती. एडविनला घाम फुटला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग डोरोथीकडे, आणि खुर्ची मागे सारून तो उभा राहिला.

"एकटीने नाही," तो दुभाष्याला म्हणाला. "गाडी मी चालवत होतो. मीपण बघितलाय तो हात. माझं नाव लिहा."