एकतीस पत्रे, एक टाकी

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. बुडाशी काळी, तोटीशी वाकडी. झाकणाची बोंडी तुटली म्हणून तिथे दोऱ्याचे रिकामे रीळ बसवले आहे. माझी गोष्ट मी सांगेन, पण आधी ते दार लावून घ्या. खिडकीपाशी कोणी उभे नाही ना? नीट बघा. माझी नोकरीच अशी होती की रिकाम्या खिडकीवरही माझा अजून भरवसा बसत नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून माझे पोट निघाले, त्याला कान जोडला, तोटी जोडली. साच्यात काहीतरी चुकले आणि माझी तोटी इतरांपेक्षा बरीच अरुंद झाली. कारागिराने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "हिच्यातून चहा ओतेपर्यंत पाहुणा घरी जाईल." त्याने मला दुय्यम मालाच्या ढिगात टाकले. मला फार वाईट वाटले. पण याच खोटीने माझे नशीब काढले.

नौदलाच्या गोदीत एक तीन मजली इमारत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तेरा नंबरच्या खोलीत मला नेले. दारावर पाटी होती, 'अपुऱ्या पत्त्यांचे टपाल'. आत येणाऱ्या प्रत्येक पत्रावर मात्र पत्ता पुरेपूर असे. तेव्हाच माझ्या मनात आले, इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

ती नौदलाची गुप्तवार्ता शाखा होती. शत्रूच्या बातम्या काढणे हे तिचे काम. पण त्या वर्षी नौदलातच धुसफूस चालू होती. खलाशांच्या रजा बंद होत्या, पाळ्या दुप्पट झाल्या होत्या, आणि एका जहाजाच्या भिंतीवर कोणीतरी अधिकाऱ्यांविरुद्ध खडूने चार ओळी लिहिल्या होत्या. वरच्यांना वाटू लागले की आता शत्रू बाहेर नाही, घरातच आहे. मग शाखेची दुर्बीण समुद्रावरून काढून आपल्याच माणसांवर लावली गेली. खलाशांनी घरी लिहिलेली आणि घरून त्यांना आलेली पत्रे आधी आमच्या खोलीत येऊ लागली.

ती उघडत असत टपालबाई. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. पन्नाशीच्या, बारीक हातांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या मला शेगडीवर ठेवत, माझ्या अरुंद तोटीतून वाफेची बारीक धार निघे, आणि त्या पाकिटाची चिकटवलेली कड त्या धारेवर धरत. मनात बारापर्यंत मोजायचे. दहाला काढले तर कड फाटते, पंधराला काढले तर शाई फुटते. मग हाडाची पातळ पट्टी आत सरकवायची. पत्र वाचून झाले की नोंद घेण्यासारख्या ओळी एका कागदाच्या पट्टीवर उतरवून ठेवायच्या, ब्रशने डिंक लावायचा आणि पाकीट काचेच्या वजनाखाली ठेवायचे. दुसऱ्या कुठल्याही किटलीला हे जमले नसते. शाखेचे प्रमुख, मोठे साहेब, एकदा म्हणाले, "आपल्या शाखेत सगळ्यात भरवशाची ही. बोलत नाही, रजा मागत नाही." त्या दिवशी मी इतकी फुगले की झाकण उडायचेच बाकी राहिले.

पण मित्रांनो, वाफ पाकिटांना लागत होती आणि संशय मला लागत होता. चहा आणणारे शिपाईकाका दाराशी खोकून मगच आत येत. का खोकतात? कोणाला इशारा देतात? एका खलाशाने बायकोला विचारले होते, 'कोंबडी अंड्यांवर बसली का?' छोट्या साहेबांनी त्या कोंबडीवर दोन दिवस घालवले. म्हणजे कोंबडी कोण आणि अंडी किती, याचा शोध! छोटे साहेब हे मोठ्या साहेबांच्या हाताखालचे, चपळ, नेहमी पेन्सिल चावणारे. मला त्यांचे बरोबरच वाटायचे. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर खराच कान आहे, मग मी का विश्वास ठेवावा?

त्याच सुमारास एका जहाजावरून येणाऱ्या पत्रांत एक वाक्य दिसू लागले. 'इथले पाणी पिववत नाही.' बाई ओठांतल्या ओठांत वाचत, म्हणून मला कळे. कोणी लिही, पाण्याला खिळ्यांची चव आहे. कोणी लिही, पोटात मुरडा येतो, पण आईला सांगू नकोस. बाई त्या ओळी पट्ट्यांवर उतरवत आणि छोटे साहेब शेरा मारत, 'घरगुती कुरकुर. विशेष काही नाही.' पट्ट्या खणात जात आणि पत्रे पुढे जात. दोन महिने हे चालले. खणातल्या पट्ट्या एकतीस झाल्या.

एका दुपारी मात्र वेगळेच घडले. बाईंनी एक पाकीट वाफेवर धरले, उघडले, वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिले. मग ते पत्र घडी करून, मला शेगडीवरून उतरवून ज्यावर ठेवत त्या लाकडी पाटाखाली सरकवले. पट्टी नाही, डिंक नाही, काही नाही. माझे पाणी एकदम खळखळले. बाई! म्हणजे फितूर इथेच होता तर! त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी मला घासले तरी मला वाटे, पुरावा पुसत आहेत.

पुढच्या सोमवारी सकाळी त्या जहाजावरच्या एकशे चाळीस खलाशांनी न्याहारीच्या टेबलावर आपापले पेले उपडे घातले आणि नांगर उचलायला नकार दिला. कोणी हात उगारला नाही. नुसते बसून राहिले. पण नौदलात यालाच बंड म्हणतात. धक्क्यावर बंदूकधारी पहारा लागला. वरून हुकूम आला, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत सूत्रधाराचे नाव हवे. नाव गेले की लष्करी खटला, आणि खटल्यात दहा वर्षांच्या आत कोणी सुटत नाही.

छोट्या साहेबांनी खणातल्या एकतीस पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"बघा साहेब. एकाने लिहिलं तर ती तक्रार. एकतीस जण तेच लिहितात, म्हणजे कोणीतरी पढवलंय. हा ठरवून केलेला कट आहे."

"आणि आपण यावर 'विशेष काही नाही' असं लिहिलंय," मोठे साहेब हळू म्हणाले.

"तेव्हा ती कुरकुर होती, साहेब."

पढवणारा कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. जहाजावरचा पंपवाला दोन महिने प्रत्येकाशी पाण्याबद्दलच बोलत होता. त्याला धरले. त्याच्या पेटीत, मोज्यात गुंडाळलेली, तपकिरी द्रवाने भरलेली एक बाटली सापडली. छोट्या साहेबांचे डोळे चमकले. इंजिनात ओतायचे आम्ल असणार! बाटलीला लाखेचे सील लागले आणि ती आमच्या खोलीत, माझ्या शेजारी येऊन बसली. प्रयोगशाळा म्हणाली, तपासायला आठ दिवस लागतील. नाव मात्र गुरुवारी पाचला हवे होते.

गुरुवारी चार वाजले. मोठ्या साहेबांसमोर कागद होता आणि त्यावर नावाची जागा कोरी होती. पंपवाल्याचे नाव त्यांनी दोनदा लिहायला घेतले आणि दोनदा पेन खाली ठेवले. शिपाईकाका खोकून आत आले आणि कपबशा मांडू लागले. बाई उठल्या. त्यांनी माझ्यातले पाणी मोरीत ओतून दिले, ती बाटली उचलली, कात्रीने सील फोडले आणि सगळी बाटली माझ्यात उपडी केली.

"बाई! पुरावा आहे तो!" छोटे साहेब ओरडले.

"माहीत आहे. उकळतेय."

मित्रांनो, मी किटली आहे. मला माणसे कळत नसतील, पण पाणी कळते. तो द्रव माझ्या बुडाला लागला आणि मी ओळखले. आम्ल नाही, औषध नाही. ते पाणीच होते. गंजलेल्या लोखंडात महिनोन्‌महिने कुजलेले पाणी. त्याला उकळी आली आणि खोलीभर जुन्या खिळ्यांचा वास सुटला. बाईंनी चहाची पत्ती घातली नाही. तसेच ते पांढऱ्या कपात ओतले आणि कप साहेबांपुढे ठेवला.

"घोट घेऊन बघा, साहेब."

"यात काय आहे?"

"एकशे चाळीस माणसं गेले अडीच महिने पितात, ते आहे. त्यांनी तर न उकळता प्यायलंय."

मोठ्या साहेबांनी कप नाकाशी नेला. छोटे साहेब "नको, नको" करत असतानाच त्यांनी एक घोट घेतला. त्यांचे तोंड वाकडे झाले. ते मोरीकडे गेले, थुंकले आणि रुमालाने ओठ पुसत परत आले. कपाच्या तळाशी लालसर गाळ बसला होता.

"गंज आहे हा," ते म्हणाले.

"पण एकतीस जणांनी अगदी एकच गोष्ट कशी लिहिली?" छोटे साहेब अजून पट्ट्यांना धरून होते.

"टाकी एकच आहे ना, साहेब," बाई म्हणाल्या.

शिपाईकाका कपबशा पुसत स्वतःशीच पुटपुटले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." त्यांना कोणी रागावले नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक, बाई?" छोट्या साहेबांनी डोळे बारीक केले. "बाटलीत काय आहे ते?"

बाईंनी मला उचलले, पाटाखालचे पत्र काढले आणि टेबलावर ठेवले.

"तो पंपवाला माझा धाकटा भाऊ आहे. आईच्या नावाने पत्रं पाठवतो. मी ती इथे वाचायची, आणि ती घरी आली की आईला पहिल्यांदाच वाचतेय असं दाखवून वाचून द्यायची. हे पत्र दिलं नाही. त्यात लिहिलंय, मी तीनदा लेखी कळवलं, कप्तानांनी कागद फाडला. आता बाटली भरून ठेवलीय, वरच्या कोणाला तरी दाखवीन. पोरं चिडलीत, मी त्यांना थोपवून धरलंय." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "'पोरं चिडलीत' एवढ्या दोन शब्दांवर तुम्ही त्याला उचललं असतं, म्हणून मी लपवलं. तेव्हाच दाखवलं असतं आणि तुम्ही ते पुरतं वाचलं असतंत, तर सोमवार झालाच नसता. माझंही चुकलं. पण इथे पुरतं कोण वाचतं, साहेब?"

मला फार लाज वाटली. पाणी वाईट आहे हे मी दोन महिने ऐकत होते. पाणी ही माझी जात, माझा धंदा. तरी मी शिपाईकाकांच्या खोकल्यावर संशय घेतला, बाईंच्या घासणीवर घेतला, त्या बिचाऱ्या कोंबडीवर घेतला. टाकीवर एकदाही घेतला नाही.

मोठ्या साहेबांनी ते पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचले. मग कोऱ्या जागेत लिहिले, 'सूत्रधार कोणी नाही. कारण, पिण्याच्या पाण्याची टाकी.' खाली सही केली आणि पाच वाजायच्या आत कागद वर पाठवला.

शुक्रवारी टाकी उघडली. आत पायाच्या घोट्यापर्यंत गंज साचला होता. शनिवारी नवे पाणी भरले आणि रविवारी त्या एकशे चाळीस जणांनीच नांगर उचलला. पंपवाला सुटला. पण परवानगीशिवाय बाटली बाळगली म्हणून त्याच्या बाहीवरची हुद्द्याची एक पट्टी काढली आणि त्याला दुसऱ्या जहाजावर धाडले. बाईंची नोकरी गेली. नाते लपवले आणि सील फोडले, हे दोन्ही गुन्हे खरेच होते, आणि मोठ्या साहेबांनी त्या कागदावरही सही केली. छोटे साहेब पुढच्याच वर्षी मोठे झाले, असे ऐकते.

माझ्या पोटात लाल थर बसला होता, तो काही केल्या निघेना. मला निकामी ठरवले. शिपाईकाकांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंच्या घरी पोचवले. दाराशी ते खोकले. तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, त्या खोकल्याचं औषध घ्या एकदाचं." त्यांना नुसता खोकलाच होता, मित्रांनो!

आता मी बाईंच्या ओट्यावर असते. चहा हळू पडतो, पण इथे कोणाला घाई नसते. लिंबाची साल घालून त्या मला आठवड्यातून एकदा उकळतात. थर थोडा थोडा सुटतो आहे.

गेल्या महिन्यात भावाचे पत्र आले. आई म्हणाली, "वाच ना गं लवकर." बाईंनी आधी पाकीट खिडकीच्या उजेडात धरले आणि चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवले. तिथे बारीक सुरकुती होती. वाफेची. मीही ती ओळखली. तेरा नंबरच्या खोलीत माझ्या जागी दुसरी किटली आली आहे.

बाईंनी पाकीट उघडले. त्यांनी पत्र वाचून दाखवले, चहा केला आणि उत्तर लिहायला बसल्या. आईची तब्येत, शेजारचे लग्न, सगळे लिहिले. शेवटी सहीखाली आणखी एक ओळ घातली आणि लिहिता लिहिता सवयीने ओठांतल्या ओठांत वाचली, म्हणून मला ती कळली.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी कोणाचा कागद येईल. कोणाची तक्रार, कोणाचा अर्ज, कोणाचे गाऱ्हाणे. तेव्हा माझ्यासारखे कान टवकारून बसू नका. बाईंची ती ओळ मी तुमच्याकडे ठेवून जाते.

'हे पत्र जी कोणी उघडेल तिला आशीर्वाद. बारापर्यंतच मोज, नाहीतर शाई फुटेल. आणि उघडलंच आहेस बाळ, तर शेवटपर्यंत वाच.'